१२८ सेकंदांचा रस्ता

सॅन फ्रान्सिस्को शहरातून गोल्डन गेट पुलाकडे निघालं, की लोंबार्ड स्ट्रीट संपल्यावर थोड्याच वेळात प्रेसिडिओ पार्कवे लागतो. लांबी १.६ मैल, म्हणजे साधारण २.६ किलोमीटर. वेगमर्यादा ताशी ४५ मैल. नेमक्या त्या वेगाने गाडी चालवली तर हा रस्ता १२८ सेकंदांत संपतो. एवढा तुकडा नव्याने बांधायला सुमारे ११० कोटी डॉलर खर्च आला. भागाकार करून पाहा: प्रवासाच्या दर सेकंदाला ८५ लाखांहून जास्त डॉलर, आणि रस्त्याच्या दर फुटाला एक लाख तीस हजार डॉलर.

इतका पैसा ओतल्यावर रस्ता दुप्पट रुंद झाला असेल असं कुणालाही वाटेल. तसं झालेलं नाही. जुन्या रस्त्यावर सहा लेन होत्या. नव्यावरही दोन्ही दिशांना तीन-तीनच आहेत, फक्त एका टप्प्यात दक्षिणेकडे जाणारी एक जादा लेन मिळाली. गाड्या अधिक वेगाने पळाव्यात हा हेतू नव्हताच. भूकंपात न कोसळणारा रस्ता हवा होता, आणि तो एका संरक्षित उद्यानात असा बसवायचा होता की उद्यानात फिरणाऱ्याला तो शक्यतो दिसू नये, ऐकू येऊ नये, त्याच्या वाटेत येऊ नये. ११० कोटी डॉलर त्यासाठी मोजले गेले. सार्वजनिक पैशाचा इतका शहाणा खर्च मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे, आणि तो का शहाणा ठरतो हे आकड्यांतूनच नीट कळतं.

तुलना पुलाशीच करू. गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात उभा राहिला. मधला गाळा १,२८० मीटरचा, दोन मनोरे प्रत्येकी २२७ मीटर उंच. दोन मुख्य केबलींपैकी प्रत्येकीत २७,५७२ तारा आहेत. त्या सगळ्या तारा एकापुढे एक जोडल्या तर १ लाख २९ हजार किलोमीटर भरतात, पृथ्वीला तीन वेढे घालून वर उरतील इतक्या. हे सगळं साडेतीन कोटी डॉलरांत झालं. महागाई धरून ती रक्कम २०१५ च्या डॉलरांत मोजली तर ५८ कोटींच्या आसपास जाते. म्हणजे पूल ५८ कोटींचा आणि त्याच्याकडे नेणारा २.६ किलोमीटरचा रस्ता ११० कोटींचा. पुलाच्या जवळजवळ दुप्पट.

हा हिशेब ढोबळ आहे, हे मान्य. महामंदीच्या काळात मजुरी स्वस्त होती, सुरक्षेचे नियम कमी होते. पण मला वाटतं खरा फरक वेगळाच आहे. १९३३ साली काही प्रश्न विचारलेच जात नव्हते. रस्त्याखाली कोणतं झुडूप जाईल, ओढ्याचं पाणी समुद्राला कसं मिळेल, शेजारच्या दफनभूमीला धक्का बसेल का, शंभर वर्षांपूर्वीची विटांची इमारत खोदकामाच्या कंपनांनी तडकेल का. या प्रश्नांची उत्तरं द्यायला पैसा लागतो, आणि ११० कोटींतला मोठा वाटा त्या उत्तरांचा आहे.

आधी जागा समजून घेऊ. प्रेसिडिओ म्हणजे स्पेनने १७७६ मध्ये खाडीच्या तोंडाशी उभारलेलं लष्करी ठाणं. पुढे ते मेक्सिकोकडे गेलं, १८४६ पासून अमेरिकी सैन्याकडे, आणि १९९४ मध्ये सैन्य बाहेर पडेपर्यंत तिथे सलग २१८ वर्षं छावणीच होती. तीन देशांची निशाणं या एका जमिनीने पाहिली. क्षेत्रफळ १,४९१ एकर. दादरचं शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं आहे; तशी त्रेपन्न मैदानं प्रेसिडिओत मावतील. शहर चहूबाजूंनी वाढत गेलं, पण लष्कराच्या कुंपणामुळे इथले डोंगरउतार, झाडी आणि किनारा बांधकामातून वाचला. १९६२ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, आणि १९७२ च्या कायद्याने ठरवून टाकलं की सैन्य जेव्हा केव्हा जाईल तेव्हा ही जागा राष्ट्रीय उद्यानाचा भाग होईल. बिल्डरांच्या हाती ती कधी गेलीच नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या प्रेसिडिओ ट्रस्टवर एक वेगळीच अट घातली गेली: जुन्या इमारती भाड्याने देऊन २०१३ पर्यंत स्वतःच्या पायावर उभं राहायचं. ट्रस्टने ते साधलं.

या सगळ्याच्या डोक्यावरून जात होता तो जुना रस्ता, डॉइल ड्राइव्ह. पुलाची कल्पना उचलून धरणाऱ्या सँटा रोझाच्या फ्रँक डॉइल या बँकरचं नाव त्याला दिलं होतं, आणि १९३७ मध्ये पुलाबरोबरच तो सुरू झाला. तेव्हा प्रेसिडिओ चालू छावणी होती, त्यामुळे रस्ता खांबांवर उचलून छावणीवरून नेला: एक उंच पोलादी उन्नत मार्ग आणि एक लांबलचक, बुटका काँक्रीटचा. छावणीचा मुख्य चौक एका बाजूला राहिला, खाडीचा किनारा दुसऱ्या बाजूला. मधली खांबांची रांग आणि गाड्यांचा घोंगाट यांनी जमीन उभी चिरली.

रोज या रस्त्यावरून सुमारे १ लाख २० हजार वाहनं जात. मिनिटाला ८३. सहा अरुंद लेन, मध्ये दुभाजक नाही, गाडी बंद पडली तर बाजूला घ्यायला जागा नाही. सकाळी शहरात येणारी गर्दी जास्त, संध्याकाळी बाहेर जाणारी जास्त, म्हणून दिवसातून अनेकदा लेनची दिशा बदलावी लागे. त्यासाठी कर्मचारी चालत्या ट्रकच्या मागच्या टोकाला बसून रस्त्यातल्या भोकांमधून प्लॅस्टिकच्या नळ्या उपसत आणि शेजारच्या भोकांत खोवत जात. समोरासमोर ताशी ४५ मैलांनी येणाऱ्या गाड्यांच्या मध्ये फक्त ही नळी. पुलावरही हीच पद्धत होती. तिथे २०१५ च्या जानेवारीत पूल शनिवार-रविवार बंद ठेवून सरकवता येणारा भक्कम दुभाजक बसवला, तेव्हा नळ्या गेल्या.

आता सगळ्यात बोलका आकडा. अमेरिकेत पुलांना शंभरपैकी गुण देण्याची एक सरकारी पद्धत होती. त्यात फक्त ताकद मोजली जात नसे; रुंदी, वाहतुकीचा भार, पूल किती गरजेचा आहे हेही धरलं जाई. त्यामुळे कमी गुण म्हणजे पूल उद्या पडणार, असा अर्थ काढता येत नाही. १ ऑगस्ट २००७ रोजी मिनिआपोलिसमध्ये मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल ऐन गर्दीत कोसळला आणि १३ माणसं गेली. त्या पुलाचे गुण होते ५०. डॉइल ड्राइव्हचे गुण होते २.

शंभरपैकी दोन, आणि दिवसाला सव्वा लाखाच्या घरात वाहनं. भूकंप घडवणारा सॅन अँड्रियास भ्रंश तिथून काही मैलांवर, समुद्राच्या तळाखालून जातो.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. तीव्रता ६.९, हादरा साधारण पंधरा सेकंदांचा. केंद्र सॅन फ्रान्सिस्कोपासून सुमारे शंभर किलोमीटर दक्षिणेला. एकूण ६३ माणसं मेली आणि त्यातली ४२ एकाच ठिकाणी: ओकलंडमधला दुमजली सायप्रेस उन्नत मार्ग बसला, वरचा मजला खालच्यावर आला. म्हणजे त्या भूकंपातले तीनपैकी दोन बळी एका रस्त्याने घेतले. डॉइल ड्राइव्हच्या पूर्व टोकाला लागून असलेल्या मरीना वस्तीत घरं खचली, आगी लागल्या. तिथली बरीच जमीन १९१५ च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमाराला खाजणात भर टाकून तयार केलेली. जुहूच्या चौपाटीवर ओल्या वाळूत पाय नाचवला की पायाखालची वाळू पाण्यासारखी ढिली होते. भराव टाकलेली जमीन भूकंपात नेमकं तेच करते. डॉइल ड्राइव्हच्या बुटक्या भागाचे खांब याच जातीच्या जमिनीत उभे होते.

हा भूकंप शंभर किलोमीटर लांबचा होता, हे ध्यानात ठेवा. १९०६ चा भूकंप अगदी उंबरठ्यावर झाला होता. तीव्रता ७.९, जमीन ४७७ किलोमीटर लांबीपर्यंत फाटली, सुमारे तीन हजार माणसं मेली, आणि बेघर झालेल्यांचे तंबू याच प्रेसिडिओच्या मैदानांवर पडले. तीव्रतेच्या मोजमापात एक अंक वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट होते. १९०६ आणि १९८९ यांत बरोबर एका अंकाचा फरक आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अंदाजानुसार २०१४ ते २०४३ या तीस वर्षांत या परिसरात ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के आहे.

एवढं समोर असताना रस्ता पाडून नवा बांधायला इतकी वर्षं का लागली, असं विचारावंसं वाटतं. कारण या शहराने महामार्गांशी उघड लढाई केली होती. १९५९ च्या जानेवारीत शहराच्या प्रतिनिधी मंडळाने आखलेल्या दहापैकी सात महामार्गांना विरोध नोंदवला. डॉइल ड्राइव्हला किनाऱ्याने पुढे एम्बार्काडेरो महामार्गाशी जोडायची योजनाही त्यात बारगळली. तो एम्बार्काडेरोचा दुमजली मार्गही १९८९ च्या भूकंपात मोडकळला आणि १९९१ मध्ये शहराने तो पाडूनच टाकला. अशा गावात जाऊन कुणी आठपदरी काँक्रीटचा नकाशा उलगडला असता, तर पहिल्याच सभेत तो गुंडाळून परत न्यावा लागला असता. शिवाय १९६६ चा केंद्रीय वाहतूक कायदा सांगतो, की दुसरा शहाणा आणि शक्य पर्याय असेल तर सार्वजनिक उद्यानाची जमीन रस्त्याला वापरता येणार नाही.

नव्वदच्या दशकात लँडस्केप आर्किटेक्ट मायकेल पेंटर यांनी मांडलेल्या कल्पनेने ही कोंडी फोडली. रस्त्याला महामार्ग मानूच नका, उद्यानातली वाट माना, असा त्यांचा आग्रह होता. जिथे टेकडी आहे तिथे रस्ता टेकडीत शिरू दे, जिथे चौक आणि किनारा जोडायचे आहेत तिथे तो जमिनीखाली जाऊ दे, जिथे दरी आहे तिथे पूल राहू दे, आणि दोन दिशांच्या मध्ये झाडं लावता येतील इतकी जागा सोडा. अभियंत्याने रेषा मारायची आणि बागवानाने कडेला फुलझाडं लावायची, हा नेहमीचा क्रम इथे उलटा झाला. पण अशा कल्पनेला मान्यता मिळेपर्यंत पर्यावरण अहवाल, सुनावण्या, निधीची जुळवाजुळव यांत भूकंपानंतरची वीस वर्षं गेली. तोवर जुना रस्ता कोसळू नये म्हणून त्याला तात्पुरता टेकू देऊन चालवत ठेवलं होतं. वीस वर्षं जास्तच झाली, हे माझं स्पष्ट मत आहे. त्या वीस वर्षांत मोठा भूकंप झाला नाही, हे त्या शहराचं नशीब.

काम २००९ च्या अखेरीस सुरू झालं. बांधायचे होते दोन उन्नत मार्ग आणि चार छोटे बोगदे, प्रत्येकी अडीचशे ते तीनशे मीटरच्या आसपास. हे बोगदे डोंगर पोखरून केलेले नाहीत. आधी चर खणायचा, त्यात काँक्रीटची पेटी बांधायची, मग वरून माती लोटायची. ऐकायला सोपं आहे. पण शेजारी कोण होतं पाहा. पहिल्या जोडीच्या एका बाजूला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या तोफांच्या तटबंद्या, आणि दुसऱ्या बाजूला १८८४ पासूनची राष्ट्रीय दफनभूमी. सुमारे तीस हजार सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय तिथे विसावले आहेत. उतारावर ओळीने उभे पांढरे दगड, आणि त्यांच्या पायथ्याशी खोदयंत्रं. बोगद्याची जागा या दोघांच्या मधल्या पट्टीत बसवावी लागली.

आणि हे सगळं वाहतूक चालू ठेवून. हा खरा चक्रावून टाकणारा भाग आहे. १ लाख २० हजार वाहनं दिवसाला, म्हणजे वर्षाला ४ कोटी ३८ लाख. साडेपाच वर्षांच्या कामात त्याच गतीने धरलं तर २४ कोटी फेऱ्या या बांधकामाच्या मधून गेल्या. त्यासाठी आधी दक्षिणेकडे येणारा नवा पूल आणि बोगदा पूर्ण केला, दोन्ही दिशांच्या गाड्या त्या एकाच बोगद्यातून सोडल्या, पुढे मुख्य चौकाजवळ तात्पुरता वळणरस्ता बांधला, आणि मग जुन्या रस्त्याला हात घातला.

जुना डॉइल ड्राइव्ह पडला तो शनिवार-रविवार सगळ्या शहराने घड्याळ लावून पाळला. २७ एप्रिल २०१२, शुक्रवार, रात्री आठ वाजता रस्ता बंद. ३० एप्रिल, सोमवार, पहाटे पाचला पुन्हा सुरू व्हायलाच हवा. मध्ये ५७ तास. नेहमीच्या हिशेबाने या वेळात २ लाख ८५ हजार वाहनं गेली असती. त्यांना पुलावर जायला पश्चिमेकडचा एक नंबरचा महामार्ग तेवढा उरला होता. यंत्रांच्या लांब मानांनी रात्रंदिवस काँक्रीट फोडलं, सळया ओढून काढल्या, राडारोडा हलवला, तात्पुरत्या रस्त्याची दोन टोकं जोडली. पंचाहत्तर वर्षं उभ्या असलेल्या रस्त्याचा मोठा भाग ५७ तासांत जमिनीवर आला आणि सोमवारी लोक वेळेवर कामाला गेले. त्या दिवसापासून तिथली वाहतूक भूकंपाला टिकेल अशा मार्गावरून जाऊ लागली. लोमा प्रिएटाला तेव्हा साडेबावीस वर्षं होऊन गेली होती.

दुसऱ्या टप्प्याचं काम खाजगी भागीदारीतून झालं. होखटीफ आणि मेरिडियम या कंपन्यांच्या गटाने पैसा उभारला, बांधलं, आणि तीस वर्षं निगा राखायची जबाबदारी घेतली. इथे टोल नाही. राज्य सरकार दर वर्षी ठरलेली रक्कम देतं, आणि लेन बंद राहिली किंवा देखभाल घसरली तर त्यातून कापून घेतं. २०१५ च्या जुलैत आणखी एक शनिवार-रविवार रस्ता बंद ठेवून शेवटची जोडणी झाली आणि नवा मार्ग पूर्ण खुला झाला.

या ११० कोटींच्या कामात माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट मात्र एका झुडपाची आहे.

फ्रान्सिस्कन मॅन्झनिटा हे या शहराच्या टेकड्यांवरचं, जगात दुसरीकडे कुठेही नसलेलं सदाहरित झुडूप. जमिनीलगत पसरणारं, तांबूस गुळगुळीत खोडाचं, हिवाळ्यात घागरीच्या आकाराची इवली फिकट फुलं येणारं. शहर वाढलं तशी त्याची जागा संपली. शेवटची रानातली झुडपं लॉरेल हिल नावाच्या दफनभूमीत होती, ती १९४७ मध्ये बुलडोझरखाली गेली. त्याआधी कुणी तरी काही रोपं काढून वनस्पती उद्यानांत लावली म्हणून जात टिकली, पण रानात ती नष्ट झाली असंच सगळे धरून होते. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये डॅनियल ग्लूझनकॅम्प हे परिसंस्थांचे अभ्यासक हवामान बदलावरच्या एका परिषदेहून गाडीने परत येत होते. डॉइल ड्राइव्हच्या कामासाठी नुकतीच झाडं तोडली होती आणि दोन रस्त्यांच्या बेचक्यातला जमिनीचा एक तुकडा उघडा पडला होता. चालत्या गाडीतून त्यांची नजर तिथल्या झुडपावर गेली. ओळखीचं वाटलं. तज्ज्ञांनी जाऊन खात्री केली: फ्रान्सिस्कन मॅन्झनिटाच, रानात उगवलेलं, एकुलतं एक. साठ वर्षं हरवलेलं झाड सॅन फ्रान्सिस्कोच्या सगळ्यात वर्दळीच्या रस्त्यांपैकी एकाच्या कडेला उभं होतं, आणि रोज लाखभर माणसं त्याच्या शेजारून जात होती.

रस्ता तर तिथूनच जाणार होता. मग काही आठवड्यांत महामार्ग खातं, उद्यान खातं, प्रेसिडिओ ट्रस्ट आणि वन्यजीव खातं यांनी मिळून योजना केली. कलमं घेतली, बिया गोळा केल्या, आजूबाजूची मातीही जपली, कारण या झुडपाला मुळांशी वाढणारी ठरावीक बुरशी लागते. २३ जानेवारी २०१० च्या पावसाळी पहाटे झुडूप मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट उचललं. वजन भरलं २१ हजार पौंड, म्हणजे साडेनऊ टन. क्रेनने ते ट्रकवर चढवलं आणि प्रेसिडिओतच एका गुप्त जागी नेऊन लावलं. ती जागा आजही जाहीर करत नाहीत. उचलणं, रोपं तयार करणं आणि पुढची दहा वर्षं निगा यांसाठी दोन लाख डॉलरांच्या आसपास तरतूद केली.

एका झुडपासाठी दोन लाख डॉलर, यावर टीका झाली, थट्टाही झाली. टीका करणाऱ्यांनी एक भागाकार करायला हवा होता. रस्त्याच्या एका फुटाला एक लाख तीस हजार डॉलर लागले. म्हणजे एक वनस्पती रानातून पुन्हा पुसली जाऊ नये यासाठी जी रक्कम गेली, ती दीड फूट रस्त्याची किंमत आहे. ८,४४८ फुटांपैकी दीड फूट. २०१२ मध्ये तिला संकटग्रस्त जातींच्या यादीत कायद्याचं संरक्षण मिळालं.

बोगद्यांवरच्या बागेकडे येऊ. रस्ता २०१५ मध्ये झाला, पण वरची जमीन लोकांना मिळायला आणखी सात वर्षं लागली. तोफांच्या तटबंद्यांजवळची सहा एकरांची बॅटरी ब्लफ २०२२ च्या एप्रिलमध्ये उघडली, आणि चौदा एकरांची टनेल टॉप्स १७ जुलै २०२२ ला. चौदा एकर म्हणजे शिवाजी पार्कच्या निम्मं, आणि तेही बऱ्याच अंशी महामार्गाच्या छपरावर. आराखडा जेम्स कॉर्नर यांच्या फर्मचा, न्यूयॉर्कच्या जुन्या रेल्वेमार्गावर बाग करणाऱ्यांचा. खर्च ११ कोटी ८० लाख डॉलर, बहुतेक देणग्यांतून.

छपरावर बाग म्हटलं की कुंड्या डोळ्यांसमोर येतात, म्हणून वजनाचा अंदाज देतो. एक मीटर जाडीचा ओल्या मातीचा थर दर चौरस मीटरला साधारण १.८ टन भरतो. एक गाडी उभी करायला साडेबारा चौरस मीटर जागा धरा. तेवढ्या जागेवरची माती साडेबावीस टन होते, म्हणजे दीड टनाच्या पंधरा गाड्या एकावर एक रचल्यासारखं. बोगद्याच्या छताला वाहनांचा भार नाही, पण बाग त्याहून कितीतरी जड आहे. शिवाय ही माती पावसात पाणी पिते, आणि भूकंपात तो सगळा भार आडवा हलतो. वर दिसतं ते गवत, पायवाटा, मुलांचं खेळण्याचं अंगण आणि सुमारे दोन लाख स्थानिक रोपं. दर चौरस मीटरला साडेतीन रोपं पडतात.

मुंबई-पुण्यात घर घेणाऱ्याला चौरस फुटाचा भाव तोंडपाठ असतो. टनेल टॉप्सचा भाव निघतो चौरस फुटाला १९३ डॉलर, तेव्हाच्या विनिमय दराने साडेपंधरा हजार रुपये. या भावात मिळाली कुणालाही विनातिकीट बसता येईल अशी जागा, जिच्यासमोर पूल, खाडी आणि पलीकडचे डोंगर आहेत. तिथून उतारावरून चालत थेट किनाऱ्याला पोचता येतं. १९३७ पासून ही चाल शक्य नव्हती.

पाण्याची वाटही मोकळी झाली. किनाऱ्याची जुनी खाजण बुजवून आधी प्रदर्शनाचं मैदान, मग क्रिसी फील्ड ही विमानांची धावपट्टी केली होती. २००१ मध्ये तिच्यातले अठरा एकर पुन्हा भरती-ओहोटीला खुले केले आणि स्वयंसेवकांनी त्या परिसरात लाखभर रोपं लावली. डोंगरातून येणारा ओढा मात्र नळांत कोंडलेलाच होता. नवा रस्ता त्या ठिकाणी पुलावरून नेल्यामुळे खाली जागा राहिली, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये तिथे सात एकरांची खाजण तयार झाली. वरून महामार्ग, खालून भरतीचं पाणी.

बे एरियातल्या मराठी घरांत मुलांकडे आलेल्या आईवडिलांना पूल दाखवायला नेणं ठरलेलंच असतं. शहरातून जाणार असाल तर दोन तास हाताशी ठेवा आणि पुलाआधी टनेल टॉप्सला उतरा.

आणि मुंबई-ठाण्याच्या वाचकांना एक विनंती. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून आज दोन मोठी कामं चालू आहेत: ठाणे ते बोरिवली हे सव्वादहा किलोमीटरांचे जुळे बोगदे, आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरांचे. हे यंत्राने खोलवर खणायचे बोगदे आहेत, त्यामुळे माथ्यावरच्या जंगलाला हात लागणार नाही. पण चारही तोंडांपाशी जमीन उकरली जाणार आहे. आपल्याकडे प्रकल्पाची जाहिरात होते ती किती मिनिटं वाचणार याची. काम संपल्यावर त्या तोंडांपाशी किती एकर परत मिळणार, त्यावर काय लावणार आणि पुढची तीस वर्षं त्याची निगा कुणाच्या पैशातून राखणार, हे आताच लेखी मागून घ्या. प्रेसिडिओत बागेचा विचार रस्त्याच्या पहिल्या नकाशापासून होता, तरी ती मिळायला रस्त्यानंतर सात वर्षं लागली.